सावलीतली भेंडी

चामटोलीची रखमाबाई चार उन्हाळे बदलापूरला कुमुदिनीबाईंकडे वाळवणाला जात होती. कुमुदिनीबाईंचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब होते. घर मोठं, मागे ऐसपैस अंगण. फाल्गुन सरला की रखमाबाई पहाटे निघायची, उन्हं चढायच्या आत पोचायची. गवार, कारली, कैरीच्या फोडी, भेंडी सगळं चिरून, वाळवून बरण्या भरून द्यायची. तिच्या हातची भेंडी भर श्रावणातसुद्धा नुकतीच तोडल्यासारखी हिरवी दिसे.

त्रेपन्न साली अंबरनाथला महिला मंडळाने प्रदर्शन भरवलं. कुमुदिनीबाईंनी सहा बरण्या मांडल्या. ओझं उचलायला रखमाबाईला बरोबर नेलं होतं. ती दाराशी उकिडवी बसून राहिली. पहिला नंबर भेंडीला मिळाला. परीक्षक बाईंनी कौतुकाने विचारलं, "रंग कसा हो टिकवलात?"

"चांगलं कडक ऊन दाखवलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"उन्हात नाय वैनी, काली पडंल!" रखमाबाईच्या तोंडून निघून गेलं. "मिठाच्या कडत पान्यातनं काढून सावलीत घालाची."

माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. कुमुदिनीबाईंचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून त्या म्हणाल्या, "आमची कामवाली. मीच शिकवलंय हो हिला. कसं पाठ केलंय बघा!"

टाळ्या पडल्या. रखमाबाई खाली बघत राहिली. ही रीत तिच्या आईची. लहानपणी भेंडी उन्हात राहिली म्हणून आईने तिला चांगला चोप दिला होता.

परतताना कुमुदिनीबाई एवढंच बोलल्या, "चारचौघांत तोंड उघडू नये, रखमा."

दुसऱ्या दिवसापासून रखमाबाई गेली नाही. आठवडा झाला तशा कुमुदिनीबाई स्वतःच टांगा करून चामटोलीला आल्या. मंडळाने त्यांना सगळ्या बायकांसमोर वाळवण करून दाखवायला सांगितलं होतं. पण अंगणात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. आदल्या दिवशी गावच्या जत्रेचा बोकड पडला होता. दोरीवर मटणाच्या लांब पट्ट्या टांगलेल्या होत्या.

"शी! हे काय गं?" त्यांनी पदर नाकाला लावला.

"मटन. मीठ-हलद लावून सुकवलंय. पावसाल्यात पुरतं."

"आणि याच हातांनी माझी भाजी चिरायचीस?"

"दुसरे हात कुठनं आनू, वैनी? आमी खातो ते तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. पण कुमुदिनीबाईंना आता ते ठाऊक नसणंच सोयीचं होतं. रखमाबाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही.

"यापुढे यायची गरज नाही," म्हणाल्या आणि टांग्यात बसल्या.

दोन दिवसांनी रखमाबाईची जाऊ बनूबाई आली. आल्या आल्या तिने बातमी सांगितली. बाईंनी सगळं वाळवण गुरांपुढे ओतलं होतं. बक्षिसाची बरणी तेवढी दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

बनूबाई पदराशी चाळा करू लागली. "मला बोलावलंय उद्यापासनं. आमच्यात खात नाय म्हनून सांगितलंय मी. त्या भेंडीचं तेवढं सांग ना गं."

रखमाबाईने मनाशी ठरवलं, उलटं सांगायचं. कडक उन्हात घाल म्हणायचं आणि गप्प बसायचं. होऊ दे सगळी काळी. पण बोलायला लागली तर आईचेच शब्द तोंडात आले: पाणी किती कडत, मीठ किती, सावली कुठली, दिवसातून किती वेळा परतायची. एकही खोटं निघालं नाही.

बनूबाई खुशीत निघून गेली. रखमाबाईने वाळलेल्या पट्ट्या दोरीवरून काढून डब्यात भरल्या. मग राख घेऊन हात घासले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा घासताना तिला स्वतःचीच इतकी चीड आली की तिने पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावून दिला.