सोमवारचे उंदीर

तळेगावच्या एका कॉलेजात प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती आहे. तिच्यावर मी बाहेरचा सदस्य आहे, निवृत्त ग्रंथपाल. मला विज्ञान कळत नाही, बहुधा म्हणूनच घेतलं असावं.

एका बैठकीत वल्लरी ही संशोधक विद्यार्थिनी आणखी चोवीस उंदीर मागत होती. औषध दिल्यावर उंदीर किती हिंडतात हे ती मोजत होती आणि काही नोंदी फार विचित्र आल्या होत्या. बाकीचे सदस्य सहीला तयार होते. मी मात्र तिचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होतो. विचित्र नोंदी सगळ्या सोमवारच्या होत्या. विचारू की नको, हसतील का, असं करत शेवटी विचारलंच.

"योगायोग असेल, सर," वल्लरी म्हणाली.

उंदरांची देखभाल करणारे महिपती दाराशी उभे होते. "योगायोग न्हाई, आबा. रविवारी मी परंदवडीला घरी असतो. बदली माणूस शेपटीला धरून उचलतो. मी वंजळीत घेतो. सोमवारी लय बिथरल्याली असत्यात."

"मग मला सांगायचं ना, भाऊ!"

"तुमी इचारलं कुटं, ताई? तुमी आकडं बघता, मी उंदरं बघतो."

सगळे हसले. वल्लरी आधी लाजली, मग तीही हसली.

"बदली माणसाला शिकवाल? मग याच उंदरांचं हिंडणं पुन्हा मोजता येईल," ती महिपतींना म्हणाली.

"व्हय की."

तिने अर्ज ओढून घेतला आणि चोवीसवर स्वतःच काट मारली.