विदादबाईंची तोंडी परीक्षा

सहावीची अरबीची वार्षिक परीक्षा कशी घ्यायची, हे ठरवायला तिघी बसल्या होत्या आणि चहा निवून गेला तरी काही ठरत नव्हतं. मुख्याध्यापिका इब्तिहाज, यंदाच लागलेली रहफ, आणि निवृत्तीला टेकलेली इनाम.

रहफने छापील नमुना पुढे सरकवला. वर उतारा, खाली ‘योग्य पर्याय निवडा’.

“तपासायला सोपं, बाई. कुणाची तक्रार नाही की कुणावर अन्याय नाही.”

“आणि भाषा कुठंय यात?” इनाम म्हणाली. “नुसत्या खुणा करून भाषा येते होय?”

तिच्या डोळ्यांपुढे लहानपणी तिला शिकवणाऱ्या विदादबाई उभ्या होत्या. सल्त गावातली हीच शाळा, हीच पिवळ्या दगडांची खोली. परीक्षेला बाई एकेकीला उभं करायच्या आणि म्हणायच्या, घरी ऐकलेली एखादी गोष्ट सांग. इनामने आजोबांच्या हट्टी खेचराची गोष्ट सांगितली होती. बाई खिडकीला टेकून इतक्या रंगून ऐकत होत्या, की हातातला खडू निसटून फुटला तरी त्यांना कळलं नाही. आपण शिक्षिका झालो ते त्या दिवसामुळे, असं इनाम अजूनही सांगायची.

“आपण विदादबाईंसारखी परीक्षा घेऊ या. इब्तिहाज, तू तरी सांग हिला. माझ्याच बाकावर बसायचीस तू.”

“बसायचे ना. म्हणून तर सांगते, नको.”

“का गं?”

“मी कुठली गोष्ट सांगितली होती, आठवतं तुला?”

इनामने खूप आठवून पाहिलं. काहीच आठवेना.

“कशी आठवेल? सांगितलीच नव्हती. सगळा वर्ग टकामका बघत होता, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मी खाली बसले. बाईंनी शून्य दिलं.”

“इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस!”

“तू बोलू देशील तर! तुझं आपलं खेचर सुरू झालं की थांबतंय कुठं?”

रहफने हसू दाबायला खाली मान घातली. इनामला मात्र ते लागलं. इतकी वर्षं जपलेला तो सोन्यासारखा दिवस, आणि त्याच दिवशी शेजारची मैत्रीण रडवेली बसली होती. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

इनाम हलकेच म्हणाली, “काय होती गं तुझी गोष्ट?”

इब्तिहाजने आधी आढेवेढे घेतले. मग सांगितली. तिची आई लग्नाच्या दिवशी वाळत घातलेले अंजीर आणायला गच्चीवर गेली, आणि कुणीतरी शिडीच काढून नेली. खाली वरात दारात, ढोल वाजतायत, आणि नवरी वरून ओरडतेय, “अरे, मी इथं आहे!” शेवटी सासऱ्यानेच शिडी लावून सुनेला उतरवलं. सांगता सांगता इब्तिहाज स्वतःच पोट धरून हसायला लागली.

“बघा, आता कशी सांगितलीत!” रहफ म्हणाली. “मग अशीच घेऊ या ना. वर्गासमोर नको. एक मुलगी, एक बाई. आणि सांगून झालं की तीच गोष्ट तिनं लिहायची.”

मे महिन्यात वाचनालयाच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडल्या. लुजैन नावाची मुलगी आली आणि ओठ मिटून बसली. इनाम थांबली. बऱ्याच वेळाने लुजैन पुटपुटली, “तुम्ही बघत असलात की नाही येत, बाई.”

इनामने खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली. समोरच्या टेकडीवर घरांना घरं चिकटली होती, दोऱ्यांवर कपडे हलत होते. मागून आवाज आला. आधी अडखळत, मग भरभर. ईदच्या दिवशी वडिलांनी करपवलेल्या कुनाफा मिठाईची गोष्ट. घंटा झाली तरी ती थांबली नाही.

परीक्षा लांबली. पालक कुरकुरले, वरून विचारणा झाली, आणि पुढच्या वर्षापासून निम्मे गुण छापील पेपरला गेले. उरलेल्या निम्म्यांसाठी इब्तिहाज हटून बसली. त्या पुढच्या वर्षी वाचनालयातल्या शिक्षिकेच्या खुर्चीवर तीही मुलींचं ऐकायला येऊन बसायची.