दाराकडे तोंड

मित्रांनो, तसबिरीत तुम्ही माणूस पाहता. त्याच्याभोवतीची जुनी सागवानी चौकट कोण पाहतं? ती चौकट मी. माझ्यात लासुर्ण्याच्या सावळारामचा फोटो आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटली देश जर्मन फौजेच्या ताब्यात होता. तो सोडवायला गेलेल्या पलटणीत सावळाराम होता. देश सुटला. सावळाराम परतला नाही, त्याचा देहही सापडला नाही. म्हणून त्याच्या बायकोने, भीमाने, मला कधी हार घातला नाही. सकाळी कोनाड्यात माझं तोंड देवाकडे असायचं. दिवेलागणीला ती मला हलकेच दाराकडे वळवायची. तिच्यामागे लेक फुलाबाईने तोच नेम धरला. उपासाच्या दिवशीही, तापातही. बाकी कौतुक फारसं नव्हतं; माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला.

यंदा इंदापूरच्या एका संग्रहालयात इटलीच्या सुटकेच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. फुलाबाईचा नातू अजित मला न्यायला निघाला.

"आन् सांजचं कोण वळवंल?" फुलाबाईने विचारलं.

"आज्जी, म्हैनाभर न्हाय वळवलं तर काय बिघडतंय?"

"तो दार चुकंल." मग पदराने माझी काच पुसत म्हणाली, "ने. तिकडची मानसं दिसतील त्याला."

दालनाच्या मधोमध मला एकाच तारेला टांगलं. समोर पडके पूल, घंटा वाजवणारी पोरं, शिपायांवर फुलं टाकणाऱ्या बाया. दार पाठीमागे. पहिल्याच सांजेला वारा नसताना तार पिळली आणि मी वळले. दालनाची देखरेख करणारी परवीन सकाळी मला सरळ करायची, सांजेला मी पुन्हा दाराकडे. मला वाटायचं, आतला सावळारामच वळतोय.

फुलाबाई प्रदर्शन बघायला आली, तेव्हा परवीन हळूच म्हणाली, "आज्जी, ही तसबीर सांजची आपसूक वळती."

फुलाबाईने हात जोडले. "मी घरी रिकाम्या कोनाड्यात हात फिरवती गं. सवय हाय. माझ्यामागं कोण फिरवंल, त्योच घोर हाय."

एका सांजेला मी वळले नाही. दुसऱ्याही नाही.

फुलाबाईचं दहावं उरकून अजित आला. हातात हार होता. "आज्जीला घातला. आता ह्यान्लाबी घालू."

"आज्जीनं ह्यान्ला कधी घातला न्हवता, अजितभाऊ," परवीन म्हणाली, आणि तिने त्याला रिकाम्या कोनाड्यात फिरणाऱ्या आज्जीच्या हाताची गोष्ट सांगितली. अजित हसला नाही. हार तसाच घेऊन घरी गेला.

त्या सांजेला तार पिळली. आधी भलत्याच बाजूला, मग अडखळत दाराकडे. हात नवखा होता.

मित्रांनो, जुन्या तसबिरींना वाळवीपासून जपा. आणि घरातली एखादी तसबीर हलवलीत, तर तिची रिकामी जागा लगेच भरू नका.