एक घोट कमी

शर्ट शिवायच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरायचे आणि त्यावर बाही, कॉलर, खिसा यांचे साचे असे मांडायचे की मधे चिंधी म्हणून उरता कामा नये, हे तिचं काम. त्यात ती इतकी तरबेज की शेजारच्या टेबलाखालचं चिंध्यांचं पोतं दोन दिवसांत ओसंडायचं आणि हिचं आठवडाभर अर्धंच. कारखान्यात सगळे तिला मास्तर म्हणत. मग चेष्टेने नवराही म्हणायला लागला, आणि शेवटी सासरेसुद्धा. घरात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

काही वाया जाताना दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. माघारी लोक तिला चिक्कू म्हणत, पण ते खरं नव्हतं. पाहुण्याला ती आग्रह करकरून वाढायची, फक्त त्याने पानात टाकलेलं तिला खपायचं नाही. काटकसर वेगळी आणि कंजूषपणा वेगळा. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात तोंड वाया घालवू नये, असं ती म्हणायची.

त्यांच्या इमारतीत पाण्याचा खर्च पूर्वी सगळ्या घरांत सारखा वाटला जायचा. मग बोअर आटली, टँकर सुरू झाले, आणि तिसऱ्या मजल्यावरचे गाडी धुवायला किती पाणी ओततात यावरून जिन्यात भांडणं जुंपली. शेवटी कमिटीने घरागणिक मीटर बसवले. जो जितकं वापरेल त्याने तितके भरावे. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मास्तर मात्र मनातून हरखली. इतकी वर्षं आपण हात राखून वापरायचं आणि पैसे उधळ्यांच्या बरोबरीने मोजायचे, हा अन्याय एकदाचा संपला होता.

तिने कंबर कसली. नळांना जाळ्या लावल्या. शॉवरची तोटी काढून बादली-मग आणला. वॉशिंग मशीन गच्च भरल्याशिवाय लावायचं नाही असा हुकूम निघाला, आणि नवऱ्याला तोच शर्ट दुसऱ्या दिवशी घालायची सवय लागली. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, भांडी विसळलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर तेलाने माखून घरी यायचा. तो म्हणायचा, "मला पण कुंडीतच उभा कर आणि अंघोळ घाल. एका दगडात दोन पक्षी."

या मोहिमेत तिचा खरा साथीदार होते अण्णा, तिचे सासरे. फ्लशच्या टाकीत रेती भरलेल्या बाटल्या ठेवल्या की पाणी कमी लागतं, हे तिने सांगितलं आणि संध्याकाळी ती घरी येते तो अण्णांनी बाटल्या भरून, बुचं घट्ट लावून, टाकीत बसवूनसुद्धा टाकल्या होत्या. सासरा-सुनेचं सूत पहिल्यापासून जमलेलं. सासूबाई गेल्यापासून तर दुपारच्या गोळ्या, चष्म्याची दुरुस्ती, नव्या चपला, अण्णांचं सगळं तिच्याकडेच. मुलाकडे ते काही मागायचे नाहीत, सुनेला हक्काने सांगायचे.

अण्णांनी उभा जन्म सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवलं होतं. पडद्यासमोर हजार माणसं आणि मागच्या तापलेल्या केबिनमध्ये एकटे अण्णा. एक रीळ संपत आलं की दुसरं तयार, नाहीतर लोक खुर्च्या तोडायचे. "केबिन सोडून जायची सोयच नव्हती," ते सांगायचे. "मग काय करायचं? दुपारनंतर पाण्याला शिवायचंच नाही. शेवटचा शो सुटला की घटाघटा. नवीन पोरं यायची, शो चालू असताना बाहेर पळायची. आम्ही नाही कधी." एखाद्याने लढाईवरच्या गोष्टी सांगाव्यात तशा अभिमानाने ते हे सांगत. मास्तर भाजी चिरता चिरता म्हणायची, "धन्य आहे तुमची, अण्णा." हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता कानावर पडायचं आणि तिथूनच परत जायचं.

पहिल्या महिन्याचं मीटर तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. जेवताना तिने हिशेब मांडला. अंघोळीचं कमी झालंय, कपड्यांचं कमी झालंय, स्वयंपाकघरात तर बोट ठेवायला जागा नाही. मग जातंय कुठे?

"संडासात," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त तिथेच जातं. आणि अण्णांनी तर तिथला महिन्याचा पासच काढलाय!"

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मास्तरही हसली. अण्णा तर सगळ्यांत जास्त हसले, डोळे पुसून म्हणाले, "म्हातारपणाचा सवलतीचा पास आहे हो." आणि विषय संपला. निदान तिच्यापुरता संपला. गेलं वर्षभर अण्णांना उठसूट जावं लागायचं, ते तिने पाहिलं होतं. पण म्हातारपणी व्हायचंच असं, म्हणून तिनेही सोडून दिलं होतं आणि मुलानेही. बापाला डॉक्टरकडे न्यायचं ते खोकल्यासाठी, गुडघ्यासाठी. या गोष्टीसाठी कोण कुणाला विचारतं?

पुढच्या महिन्यात आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी खाली. अख्ख्या इमारतीत त्यांच्या घराचं पाणी सगळ्यांत कमी निघालं, आणि कमिटीच्या अध्यक्षांनी सभेत मास्तरला बोलायला उभं केलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. ती आधी घाबरली, मग एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. पाणी काय कुणाच्या बापाचं आहे का, आज पैसे मोजून मिळतंय, उद्या पैसे मोजूनही मिळणार नाही, आपल्या नातवंडांनी काय करायचं? तिचं खरंच होतं, एक शब्द खोटा नव्हता. अण्णा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. सभेनंतर सगळ्यांना सरबत दिलं, तेव्हा त्यांनी आपला पेला शेजारच्या पोराला देऊन टाकला. तिने पाहिलं आणि तिला वाटलं, किती मायेचे आहेत.

त्यांचे ओठ फुटायला लागले, तिने मलम आणून दिलं. ते दुपारचा चहा नको म्हणायला लागले, "तोंडाला चव नाही गं." तिने चवीसाठी आल्याचा चहा केला, तोही त्यांनी दोन घोट घेऊन परत केला. गुडघे दुखतात म्हणून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे, त्या वाढल्या. पावलं सुजली. ती सूजही तिने चालणं कमी झाल्यावर ढकलली. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

एका रविवारी सकाळी अण्णा खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. "लाइट घालव," ते म्हणाले. "लोक आत आलेत."

"कोण लोक, अण्णा?"

"अगं, शो आहे ना."

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने बापाला लहान मुलासारखं उचललं आणि दोघांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं.

चार दिवसांनी ते शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेपाशी उभ्या होत्या. तरुण होत्या, पण बोलणं सरळ. त्यांनी विचारलं, "आजोबा, दिवसाला पाणी किती प्यायचात?"

"सकाळी एक पेला. संध्याकाळी लागलाच तर अर्धा," अण्णा म्हणाले. आवाजात चक्क ऐट होती. "मला लागत नाही फारसं. जमतं मला."

मास्तर पायथ्याशी उभी होती. डॉक्टरीणबाई पुढे काय काय सांगत होत्या. प्रोस्टेटची गाठ बरीच वाढलेली, लघवी तुंबून जंतू झालेले, त्यात पोटात पाणी नाही आणि वर त्या दुखण्याच्या गोळ्या. किडन्यांनी मान टाकली होती. आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करावं लागणार, बहुतेक कायमचं. वेळेवर आणलं असतं तर गाठीचं साधं ऑपरेशन होतं. तिला हे सगळं ऐकू येत होतं, पण ती त्या अर्ध्या पेल्यापाशीच अडकली होती.

नवरा कागदांवर सह्या करायला गेला तसं तिने खाली वाकून विचारलं, "अण्णा, असं का केलंत हो?"

"काय केलं मी?"

"पाणी का सोडलंत?"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कटिंग मास्तर असून ही कापडाची उलटी बाजू कुठली ते विचारते आहे. "प्यायलं की जावं लागतं. गेलं की ओढावं लागतं. तू एवढी जिवाचं रान करतेस, आणि माझ्यामुळे तुझा आकडा चढायचा."

ती तिथल्या तिथे खाटेच्या दांडीला धरून रडली. जेवताना बोललेला एक विनोद, त्यावर आपणच हसलो, पाणी पिऊन झोपी गेलो, आणि हा माणूस त्या दिवसापासून घशाला कोरड घेऊन बसला. घरी येताना नवरा म्हणाला, "तू कुठे म्हणालीस त्यांना पाणी पिऊ नका म्हणून? तुझी काय चूक?" तो मनापासून म्हणाला होता. पण तिला वाटलं, याने दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात शिरताच तिने फ्लशच्या टाकीतल्या बाटल्या काढून कचऱ्यात फेकल्या. त्याने कुणाचं काही भलं होणार नव्हतं, हेही तिला कळत होतं.

अण्णा घरी आले ते नवा नियम घेऊन. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, तेव्हा आत जाईल ते छातीत साठणार, श्वास कोंडणार. म्हणून चहा, दूध, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला एका बाटलीत मावेल तेवढंच. नर्सने युक्ती शिकवली होती. सकाळी बाटली भरून ठेवायची, आणि अण्णांच्या पोटात जे जे जाईल तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं. बाटली रिकामी झाली की दिवसाचं संपलं. हे काम अर्थातच मास्तरकडे आलं. घरात मापाचा हात दुसऱ्या कुणाचा होता? तिने कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली.

आता कुठे अण्णांना तहान लागायला लागली. आयुष्यभर दाबून ठेवलेली सगळी तहान एकदमच वर आल्यासारखी. ती नळ सोडायची तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. कुंड्यांना पाणी घालताना खिडकीतून बघायचे. आणि एका दुपारी बाटलीच्या तळाशी थोडंच उरलेलं असताना त्यांनी पाणी मागितलं.

"संध्याकाळच्या गोळ्या आहेत अजून, अण्णा. आत्ता नको."

"एक पेला दे."

"नाही देता येत हो."

"का नाही देता येत?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता. "तहानेनं मारतेस मला? मीटरपायी? सांग की लोकांना खाली, सभेत सांग, सासऱ्याला पाणी देत नाही म्हणून!" खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून बघू लागली.

त्यांना सगळं समजावून सांगितलेलं होतं, आणि शांत असले की समजतही होतं. हेच तुम्ही तेव्हा ओरडून का नाही सांगितलंत, एवढंच मास्तरच्या मनात आलं. तेव्हा घरात पाणीच पाणी होतं, अण्णा, आणि मी तुम्हाला भांडं भरून दिलं असतं.

तिने एका वाटीत गार पाणी आणि दुसरं रिकामं भांडं आणलं. "नुसती चूळ भरा. घसा ओला होईल. मग यात थुंका."

त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडात पाणी घेतलं. डोळे मिटले. कितीतरी वेळ ते पाणी त्यांनी तोंडातल्या तोंडात फिरवलं. ती भांडं धरून समोर उभी होती. तिची नजर त्यांच्या गळ्यावर होती, आणि तिने गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली पाहिली. मग अण्णांनी भांड्यात थुंकल्यासारखं केलं. भांड्यात काही पडलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ज्या माणसाने तिला मुलीपेक्षा जास्त जीव लावला होता, त्याच्या डोळ्यांत पकडले जाण्याची भीती होती.

"छान," मास्तर म्हणाली. "बरं वाटलं ना?"

त्यांनी मान हलवली. तिने भांडं आणि वाटी उचलली, आत जाऊन कोरडं भांडं उगाचच विसळलं, आणि संध्याकाळी त्यांच्या कपात चहा गाळताना एक घोट कमी गाळला.