सामनेवाला गैरहजर

आयनार क्येल्गोरने माझ्या टेबलावर आधी एक फोटो ठेवला आणि मग लवादाचा निवाडा. फोटोत डेन्मार्कमधल्या एका खेड्यातल्या चर्चचा भिंतीएवढा, धातूच्या नळ्यांतून वाजणारा ऑर्गन होता. कोरीव लाकूडकाम जागच्या जागी होतं, पण दर्शनी नळ्या गायब. पुढचे दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं दिसत होतं ते.

"वकीलबाई, पैशाचं नंतर बघू," तो म्हणाला. "मला या नळ्या परत हव्यात."

आयनार ऑर्गन दुरुस्त करणारा. तिकडे डेन्मार्कमध्ये लिमफियोर्ड खाडीच्या काठी त्याचं वर्कशॉप, हाताखाली दोन कारागीर. नळ्यांचं काम मात्र तो आमच्या नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या दुर्क हायेमाकडे पाठवी. कथील आणि शिसं वितळवून पत्रा ओतायचा, तासायचा, गुंडाळून सांधायचा, सगळं हातानं. दुर्कच्या नळीला जी गोलाई येते ती यंत्राला साधत नाही, असं आयनार कुणालाही थांबवून सांगे. दोघांचा वर्षानुवर्षांचा घरोबा. दुर्कच्या मुलीच्या लग्नात आयनारने मोडक्यातोडक्या डचमध्ये भाषण ठोकलं होतं आणि लोकांची हसून हसून पुरेवाट झाली होती.

या चर्चच्या नळ्या अडीचशे वर्षांच्या. काही ठेचलेल्या, काही मागेच कधीतरी हरवलेल्या. जुन्या दुरुस्त करायच्या आणि हरवलेल्यांच्या जागी नव्या घडवायच्या, असं ठरलं. आयनारने त्या ब्लँकेटात गुंडाळून पेट्यांत भरल्या, स्वतः गाडी चालवत आणून दिल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. ईस्टरपर्यंत देतो, असं दुर्क म्हणाला. ईस्टर गेला, उन्हाळा गेला. मग दुर्कने फोन उचलणंच बंद केलं.

"मी जाऊन आलो त्याच्या घरी," आयनार म्हणाला. "पडदा हलला, दार उघडलं नाही. पायरीवर बसून राहिलो. शेवटी शेजारीण येऊन म्हणाली, घरातच आहेत हो ते."

तिकडे चर्चच्या मंडळाने आयनारचा गळा धरला. नळ्या तुझ्या हवाली केल्या होत्या, तूच जबाब दे. दुर्कबरोबरच्या करारात लिहिलं होतं की भांडण झालं तर कोपनहेगनच्या लवादाकडे जायचं. आयनार नाइलाजाने गेला. लवादाने दुर्कला नोटिसांवर नोटिसा पाठवल्या. दुर्क तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. शेवटी एकतर्फी निवाडा झाला: नळ्या परत कराव्यात, नाहीतर त्यांची किंमत द्यावी, आणि आगाऊ घेतलेली रक्कमही फेडावी.

पण डेन्मार्कच्या लवादाचा कागद आमच्याकडे आपोआप चालत नाही. इथल्या लेऊवार्डनच्या कोर्टाने त्यावर अंमलबजावणीची परवानगी द्यावी लागते, तेव्हा कुठे बेलिफ कुणाच्या दारात उभा राहू शकतो. निवाडा बरोबर की चूक, यात कोर्ट पुन्हा शिरत नाही. समोरचा गप्प असला की ते मुख्यतः एवढंच बघतं: त्याला कळवलं होतं का, आणि बोलायची संधी दिली होती का. म्हणून कोर्टाच्या तारखेची नोटीस मी टपालाने न पाठवता बेलिफ मेन्नोच्या हाती पाठवली. मेन्नोचं अर्धं आयुष्य लोकांच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं.

"बायकोने घेतली," त्याने फोनवर सांगितलं. "वर मला कॉफी विचारली. नोटीस घेऊन आलेल्याला कॉफी विचारणारी बाई मी आजवर बघितली नव्हती."

"आणि तो?"

"आतल्या खोलीत खोकत होता. मी मोठ्याने म्हटलं, हायेमासाहेब, वकील करा, नाहीतर स्वतः या, तेही नको तर एक ओळ लिहून पाठवा. कोर्ट ऐकून घेतं. खोकला थांबला. बास, तेवढंच उत्तर."

तारखेला आयनार सूट घालून आला. माझ्या शेजारी बसला, पण मान सारखी दाराकडे. शिपायाने बाहेर जाऊन पुकारा केला, "दुर्क हायेमा!" बाहेर कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला आणि पुढे निघून गेला. शिपाई परत आला, त्याने मान हलवली.

"जरा थांबू या का?" आयनारने थेट न्यायाधीशबाईंनाच विचारलं. "त्याला उशिरा यायची खोड आहे."

त्या थांबल्या. तेवढ्या वेळात त्यांनी नोटिसांचे सगळे पुरावे पुन्हा चाळले, मेन्नोचा अहवाल वाचला. समोरची खुर्ची रिकामीच राहिली.

"सामनेवाल्यांना कळलेलं आहे, हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "कुणी बोलत नाही म्हणून अंमलबजावणी अडवता येत नाही." मग सौम्यपणे आयनारकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

आयनार उभा राहिला. "तो चोर नाही, एवढं लिहून घ्या."

"ते मला इथे लिहिता येणार नाही, क्येल्गोरसाहेब."

काही आठवड्यांनी हुकूम झाला. मी आयनारला फोन केला. "आपण जिंकलो."

"मग आता तो बोलेल?"

"आता बेलिफ जाईल," मी म्हटलं.

जप्तीच्या वेळी अशिलाने येऊ नये, असं मी सगळ्यांनाच बजावते. आयनारलाही बजावलं. तरी तो आला, मोठी व्हॅन घेऊन, मागे ब्लँकेटांच्या चळती रचून. दुर्कचं घर गावाच्या टोकाला, मागे जुनी दुग्धशाळा, तिथेच त्याचं वर्कशॉप. मेन्नो, एक पोलीस अधिकारी, कुलूपवाला आणि आम्ही दोघं. मेन्नोने दोनदा घंटा वाजवली. कुलूपवाल्याने पिशवी उघडली तेवढ्यात आतून कडी निघाली.

दारात दुर्कची बायको बाउक्ये उभी होती. तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आयनारवर ठेवली. "तूसुद्धा आलास?"

"नळ्या न्यायला आलोय, बाउक्ये."

ती बाजूला झाली.

दुर्क स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. हाडापेराने मोठा माणूस, पण स्वेटर खांद्यांवरून ओघळलेला. आयनार त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"दुर्क." मग जरा वेळाने, "अरे, शिव्या घाल मला. कोर्टात गेलो म्हणून घाल. पण तोंड उघड."

दुर्क आपल्या हातांकडे बघत राहिला.

आयनार उठला आणि थेट मागे वर्कशॉपमध्ये गेला. आम्ही त्याच्यामागे. पेट्या भिंतीशी नीट लावलेल्या होत्या. त्याने पहिली उघडली. आत ब्लँकेट, घडी घातलेलं. दुसरी उघडली. तिसरी.

"नको शोधूस," बाउक्ये दारातून म्हणाली.

तो तरी उघडत राहिला. मग तिनेच सांगितलं. "त्या हिवाळ्यात भट्टीच्या गॅसचं बिल आलं, बघून मला वाटलं चुकून आलंय. दोन गिऱ्हाइकांनी पैसे बुडवले. तू दिलेले पैसे खात्यात पडले तसे बँकेने कर्जाच्या हप्त्यात वळते केले. आधी याने स्वतःजवळचं कथील विकलं. मग तुझ्यासाठी केलेल्या नव्या नळ्या मोडीत घातल्या. पुन्हा करीन म्हणाला."

"आणि जुन्या?"

"भंगारवाला अख्ख्या घेईना. चर्चच्या दिसतात, चोरीचा माल वाटेल म्हणाला. म्हणून याने कापल्या. स्वतः, पत्र्याच्या कात्रीने. मी उशीखाली डोकं घालून पडले होते, तरी ऐकू येत होतं."

आयनार एका उपड्या पेटीवर बसला. "मी दिले असते पैसे. एक फोन करायचा."

"मी याला सांगितलं नाही असं वाटतं तुला? त्या जुन्या नळ्यांच्या पैशात महिन्याचा गॅससुद्धा आला नाही रे. मी विचारलं, का केलंस? माझ्याशीही बोलला नाही. अजून नाही."

मेन्नो घसा खाकरून कामाला लागला. कापायची, ठोकायची, सांधायची हत्यारं त्याने बाजूला काढली. हातावर पोट असलेल्याची हत्यारं कायद्याने सोडावी लागतात. पत्रा दाबायचं यंत्र, वजनकाटा, अंगणातली दुर्कची व्हॅन हे तो यादीत घेऊ लागला.

"थांबवा हे," आयनार मला म्हणाला.

"थांबवता येईल. दरखास्त तुमची आहे," मी म्हटलं. "पण उद्या मंडळ विचारेल, वसुली का सोडली? चर्चचे विमावाले विचारतील. जे सोडाल ते तुमच्या अंगावर येईल. तुमच्या त्या दोन माणसांचे पगारही त्यातच आले."

दुर्क केव्हा दारात येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नव्हतं.

"लिहा," आयनार मेन्नोला म्हणाला. दुर्ककडे न बघता.

दुर्क घरात गेला आणि परत आला. व्हॅनची किल्ली त्याने मेन्नोच्या यादीवर ठेवली.

यंत्र आणि व्हॅन लिलावात गेली. घरावर बँकेचा पहिला बोजा होता, ते विकून बँकेचंही पुरतं भागलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे आलं ते मेन्नो, कुलूपवाला आणि लिलाववाला यांच्यातच संपलं. आयनारच्या हाती एक क्रोनर पडला नाही. चर्चचं नुकसान मात्र त्याला हप्त्याहप्त्याने भरून द्यावं लागलं. वर्षाच्या आत त्याने दोन्ही कारागिरांना निरोप दिला आणि वर्कशॉप बंद केलं. चर्चने विजेवर वाजणारी पेटी आणली आणि जुन्या ऑर्गनच्या रिकाम्या तोंडावर फळ्या ठोकल्या. दुर्क आणि बाउक्ये जवळच्या द्राख्टन शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. ती एका बेकरीत पाव विकायला उभी राहते.

वसंतात आयनारचा फोन आला. "वकीलबाई, कोर्टाकडून त्याला प्रश्न विचारून घेता येतात ना?"

"येतात. कर्जदाराला बेलिफच्या प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं. काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय."

"का केलं, हे?"

"ते नाही विचारता येत."

हुकूम अजून वीस वर्षं लागू राहतो, दुर्कच्या हाती पुढे काही आलं तर पुन्हा जप्ती आणता येईल, हेही मी त्याला सांगितलं. सांगणं माझं कामच होतं. आयनारने सत्तरी गाठलेली. त्याने फक्त द्राख्टनचा पत्ता मागितला. कागदपत्रांत होताच, मी दिला.

पुढच्या महिन्यात बाउक्येने मला ऑफिसात गाठलं, बेकरीच्या पांढऱ्या कपड्यांतच.

"आयनार येऊन गेला," ती म्हणाली. "दुपारभर बसला. मी साखरेचा पाव ठेवला दोघांपुढे. दोघंही त्याच्याकडे बघत बसले. मध्येच एकदा दुर्कने तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलेल. जांभई होती ती."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"त्याला म्हणावं, पुन्हा येऊ नकोस. तो गेल्यापासून दुर्क जेवत नाहीये. मला याला जिवंत ठेवायचंय."

मी आयनारला तसं कळवलं. तो म्हणाला, "बरं."