बाल्झान आपांचं थांबणं

“पोरी, तू थांबतच नाहीस,” माझ्या खुर्चीमागून बाल्झान आपा म्हणाल्या.

मी नुकतीच पाचव्यांदा मेले होते. पडद्यावर माझं प्रेत जिन्यात आडवं पडलं होतं आणि शेजारी सान्झार खिदळत होता. “घे तोगझान, आता सफाईवाल्या आपापण तुला शिकवणार!”

कारागांडा शहरातल्या आमच्या गेमिंग क्लबात आपा सकाळी साफसफाईला यायच्या. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली होती. रक्तदाब वाढला म्हणून एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना क्रेनवर चढू दिलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

“थांबते की, आपा. बटण सोडते, मगच गोळी झाडते.”

“बटण सोडलं म्हणजे थांबलं, असं कोण म्हणालं तुला? घसरतेस तू. घसरता घसरता झाडतेस, म्हणून गोळी भिंतीत जाते.”

गेममधली युक्ती साधी होती. उजवीकडे पळताना उजवं बटण सोडून क्षणभर डावं दाबायचं. माणूस जागच्या जागी खिळतो, बंदूक स्थिर होते. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं, बोटांत मात्र उतरलं नव्हतं. आपांनी ते हातात ओलं फडकं धरून, नुसतं बघून ओळखलं होतं.

“बसता का?” मी उठले.

त्या बसल्या, चष्मा लावला आणि माउस जरासा हलवला. पडद्यावरची नजर गरकन छताला भिडली.

“पिसाळलाय हा. आवर याला.”

मी माउसचा वेग निम्मा केला. “अजून,” त्या म्हणाल्या. पुन्हा निम्मा केला. हात झटकला की नजर आपणहून जास्त पळते, ती सोयही बंद केली.

“हं. आता मी हलवीन तेवढंच हलेल.”

“एवढ्या वेगात मागे वळेपर्यंत पेन्शन सुरू होईल, आपा!” सान्झार म्हणाला.

“ते सुरूच आहे, बाळा.”

पहिले आठ दिवस आपांनी एकही गोळी झाडली नाही. सफाई आटोपली की गेमच्या रिकाम्या नकाशात शिरायच्या. उजवीकडे, थांब. डावीकडे, थांब. त्यांची करंगळी आखडलेली होती, म्हणून खाली वाकायचं बटण मी अंगठ्याखाली आणून दिलं.

“क्रेनवर भार झुलला की त्याच्या मागे हलकेच जायचं, मग तो शांत लटकतो,” एकदा त्या म्हणाल्या. “इथे उलट्या बाजूला जायचं. पण वेळ तीच गं. अगदी तीच.”

मार्चमध्ये शिमकेंत शहरातल्या संघाशी आमचा ऑनलाइन सरावाचा सामना होता. आमचा पाचवा गडी बर्फात अडकलेल्या बसमध्ये होता. सान्झारनेच खुर्ची ओढली. “आपा, बसा ना.”

अखेरच्या डावात आम्ही चौघेही मेलो. समोरचे दोघे उरले होते, आणि आमच्याकडून आपा.

पाऊल न वाजवता आपा बोळातल्या दारापाशी आल्या. उजवीकडे सरकल्या आणि खिळल्या. एक गोळी. एकजण पडला. दुसरा खोक्यांमागून उड्या मारत, गोळ्यांचा पाऊस पाडत आला. आपा डावीकडे गेल्या आणि पुन्हा खिळल्या. त्या बोळातून मी हजारदा धावले असेन. इतकं निश्चल माणूस तिथे कधी पाहिलं नव्हतं. एक गोळी. डाव संपला.

सान्झारने कानांवरचे हेडफोन काढले.

पडद्याच्या कोपऱ्यात शिमकेंतवाल्यांचा प्रश्न उमटला: “हा पोरगा कोण?”

“सांग त्यांना,” आपा मला म्हणाल्या. “नीट लिही. बाल्झान. क्रेनचालक, सहावी श्रेणी. सगळ्यात वरची.”

मी लिहिलं. सान्झारने पुढे वय टाकलं: एकसष्ट.

मग एकाखाली एक पाच ओळी आल्या. पाचही जणांनी तेच लिहिलं होतं: “सलाम, आपा.”

आपांनी चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा लावला आणि सगळ्या ओळी वाचल्या.

“हे किती वेळ राहतं इथे?”

“पुढचा डाव सुरू होईपर्यंत.”

“मग इतक्यात सुरू करू नकोस,” त्या म्हणाल्या.