कोरी बाटली

पेट्रोल पंप चढावर, त्याच्या खालच्या अंगाला लॉन्ड्रीवाल्या मावशींची विहीर, आणि विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास. एवढ्यावरून काय ते समजायला फार डोकं लागत नाही. पण पंपमालकाने कानांवर हात ठेवले होते. "माझ्या टाक्या ठणठणीत आहेत," म्हणे. जमिनीखाली गाडलेल्या टाक्या त्याला वरून ठणठणीत कशा दिसल्या, देव जाणे!

मावशींचा जीव मात्र टांगणीला लागला होता. हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं त्यांचं काम बंद पडलं होतं. गळती पंपाचीच आहे हे सिद्ध झालं नाही, तर महिनाअखेरीला दुकानाला कुलूप.

तपास मातीवालीकडे आला. जमिनीला भोकं पाडून खालची माती आणि पाणी तपासणं हा तिचा धंदा, म्हणून सगळे तिला याच नावाने ओळखत, आणि तिलाही ते आवडायचं. भोकं पाडायचं यंत्र तिच्या थोरल्या भावाचं. लहानपणी आई कामावर गेली की हाच दादा ताट वाढण्याआधी "दाखव हात" म्हणून तिची नखं तपासायचा आणि जरा काळं दिसलं की नळाकडे पिटाळायचा. आता तो स्वतः ऑइलने बरबटलेल्या हातांनी खुशाल चहा प्यायचा, ती गोष्ट वेगळी.

तिने एक भोक पंपाच्या वरच्या अंगाला घेतलं, एक पंपाशेजारी, एक विहिरीजवळ. तिन्हींतली पातळी मोजून जमिनीखालचं पाणीही विहिरीकडेच वाहतंय, हे पक्कं केलं. आता वरचं पाणी स्वच्छ आणि खालचं घाण निघालं की मधला चोर सापडलाच.

प्रयोगशाळेचा निकाल आला आणि पंपमालकाला आभाळ ठेंगणं झालं. वरच्या भोकातल्या पाण्यातही इंधन निघालं होतं!

"बघा, घाण माझ्याही वरून येतेय," नगरपालिकेच्या बैठकीत तो म्हणाला. "मीच बिचारा तिच्या वाटेत बसलोय." मावशींचा चेहरा खर्रकन उतरला.

मातीवाली जागची हलली नाही. तिने निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

"कोऱ्या बाटलीचं वाचलंत का?" तिने विचारलं. "प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी आम्ही सोबत नेतो. ज्या हातांनी नमुने भरतो, त्याच हातांनी ते तिथे दुसऱ्या बाटलीत ओततो आणि परत पाठवतो. ती बाटली घाण निघाली, तर घाण जमिनीची नाही, हातांची. तिच्यात डिझेल निघालंय. वरच्या भोकातही डिझेलच. मावशींच्या विहिरीत मात्र पेट्रोल आहे."

"कुणाचे हात?" पंपमालकाने लगेच पकडलं.

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. दादा मागच्या खुर्चीवर बसला होता. नमुने घेतले त्या दिवशी मध्येच यंत्रातलं डिझेल संपलं, ते त्याने भरलं आणि ती पातळी मोजण्यात गुंतलीय म्हणून तसाच येऊन बाटल्या भरू लागला. बैठकीच्या आदल्या दिवशी तिने विचारलं तर केवढा भडकला होता! "तू मला शिकवणार?" म्हणून ताटावरून उठला होता. कामगाराची चूक म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मावशी समोर बसल्या होत्या.

"माझ्या भावाचे," ती म्हणाली. "आणि लक्ष ठेवायचं काम माझं होतं."

"वा! घरचाच कारभार. मग सगळेच नमुने फेका की."

"फेकतेच. उद्या तुमच्यासमोर पुन्हा भरते. याल ना?"

आता न येऊन सांगतो कुणाला! पण दादा कुणाकडे न बघता निघून गेला, आणि तिला फार वाईट वाटलं. उद्या तो येईल की नाही, याची तिला पहिल्यांदाच खात्री वाटेना.

सकाळी ती पोहोचली तेव्हा दादा आधीच हजर होता. डिझेलचा कॅन त्याने रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला होता. पंपमालक, अधिकारी, मावशी सगळे बघत असताना तो तिच्यापुढे आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले; आधी तळवे, मग नखं. तिने वाकून वास घेतला. नुसता साबणाचा वास.

"माझाच साबण आहे," मावशी म्हणाल्या. "सकाळी सकाळी दार ठोठावलं यांनी. अर्धी वडी संपवली!"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने त्याच्या हातांत नवे हातमोजे दिले.

या वेळी कोरी बाटली कोरीच आली. वरचं पाणी स्वच्छ, पंपाशेजारी आणि विहिरीत पेट्रोल. टाकी उकरून काढली, तेव्हा तिच्या पोटाला गंजून भोक पडलेलं सगळ्यांनी पाहिलं. विहीर निवळायला वेळ लागणार होता, पण तोवर मावशींना स्वच्छ पाण्याचा नळ जोडून द्यायचं पंपमालकाच्याच गळ्यात पडलं.

नळ आल्यावर एका दुपारी मावशींच्या अंगणात हॉस्पिटलच्या चादरी वाळत होत्या. मावशींनी चहा आणला. टाकीच्या खड्ड्यातून मातीचे नमुने काढून वर आलेल्या दादाने कपाला हात घातला.

"दाखव हात," मातीवाली म्हणाली.

दादा निमूटपणे नव्या नळाकडे गेला.